पठारावरचं राष्ट्रपती भवन

नातीच्या शाळेत परवा राष्ट्रीय प्रतीकांपैकी एखादं करून आणायला सांगितलं होतं. सुनेनं जुन्नरच्या पेठेतून राष्ट्रपती भवनाचा तयार पुठ्ठा आणला. घड्या मोडल्या, खाचेत खाचा बसवल्या, दहा मिनिटांत घुमट चढला. नात म्हणाली, "आजी, झालं पण." मी म्हटलं, "लई भारी." पण मनातून मला ते काही पटेना. आम्हाला ते बांधायला बारा दिवस लागले होते, आणि तेराव्या दिवशी सकाळी मी ते माझ्याच हातानं मोडायला निघाले होते. ही दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आईला तर नाहीच. आता वय झालं, लाजायचं तरी किती दिवस?

जुन्नर तालुक्यातल्या आण्याच्या पठारावर आमची वाडी. खालच्या गावांना कालवे आले, ऊस आला, आमच्याकडं आला तो वारा. तो मात्र कधी कमी पडला नाही. आमच्या घराच्या पत्र्यावर दगड ठेवलेले असत आणि वारा सुटला की ते जागच्या जागी करकरत. त्या आवाजात मी वाढले. मला अजून जुन्नरच्या स्लॅबच्या घरात कधीकधी झोप येत नाही, फार शांत वाटतं म्हणून. आबा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. विहिरीचं बांधकाम असो की कुणाच्या घराची भिंत, पंचक्रोशीत त्यांचं काम असायचं. घरी असले की बोटांनी उगाच जमिनीवर थापी मारल्यासारखं करत बसायचे. थंडीत आई हुलग्याचे शेंगोळे करायची, लसूण-मिरचीच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं आणि आबा म्हणायचे, "आज चूल पेटलीय का घर?" आई त्यांच्याकडं बघायचीही नाही. वाढताना मात्र त्यांच्या ताटात दोन शेंगोळे जास्त असायचे.

आई-आबांनी लग्नानंतर धम्म घेतला होता. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, गाव पलीकडं. आईनं गावातले देव सोडले, पण हात जोडायची सवय कुठं जाते? ती तिनं भिंतीवरच्या दोन तसबिरींपाशी आणून ठेवली. आमच्यातल्या प्रत्येक घरात असतात त्याच दोन. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी तिथं एक फूल वाहायची. पठारावर फुलं कुठली? तरवड फुलला की तरवडाचं, नाहीतर रुईचं. एकदा काहीच मिळेना तर तिनं हरभऱ्याचा घाटा ठेवला. मी हसले तेव्हा म्हणाली, "हस बाई, हस. ते हसत न्हाईत, तेवढं बास."

जुन्नरला मावशीकडं राहून मी दहावी झाले आणि वाडीत नवीन निघालेल्या बालवाडीवर मला घेतलं, वर्षाच्या बोलीवर. पोरं टिकली तर पुढं चालू, नाही टिकली तर बालवाडी बंद. घरातही तीच बोली झाली होती. मामानं चाकणकडचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा बरा होता, पण मला लग्न करायचं नव्हतं. आईनं सांगून टाकलं, "एक वरीस. बालवाडी चालली तर लग्नाचं नाव काढायची न्हाई. बंद पडली तर मंग माझ्यापुढं तोंड उघडायचं न्हाई." मी एकोणीस वर्षांची होते. जगात मला दुसरं काही नको होतं, ती चावडीशेजारची एक खोली आणि शेंबडी बावीस पोरं मला पुरेशी होती.

ती बावीस अशी सहजी नव्हती झाली. पहिल्या आठवड्यात गावातल्या बाया पोरं आणून सोडत, पण खाऊची सुकडी वाटायची वेळ झाली की पुन्हा घेऊन जात. सुकडी मी भाजायचे, माझ्या हातची. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. "पोटात दुखतंय त्याच्या," म्हणायच्या. बावीसपैकी सोळा पोरांचं रोज अकरा वाजता पोट दुखायचं. एक दिवस मंगलवहिनी आल्या. बबनआण्णांची ही धाकटी सून. बबनआण्णा म्हणजे गावातली सगळ्यात जुनी आणि मोठी जमीन असलेलं घर, पंचायतीत त्यांचा शब्द चालायचा. मंगलवहिनींचं माहेर मढचं, तिकडं माळशेजच्या अंगाला, भाताचा मुलूख. आमच्या कोरड्या वाऱ्यात त्यांचे ओठ कायम फुटलेले असायचे. त्या आपली पाच वर्षांची चिंगी न्यायला आल्या, उंबऱ्यात टेकल्या, परातीतून मूठभर सुकडी घेतली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. चावून झाल्यावर म्हणाल्या, "गूळ कमी पडलाय, बाई." एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून सोळा पोटं बरी झाली.

जानेवारी लागला आणि तालुक्याहून मुख्यसेविका मॅडम आल्या. सव्वीस तारखेला त्या तालुक्याच्या साहेबांना घेऊन येणार होत्या, वर्षाचा शेरा त्याच दिवशी मिळणार होता. त्यांनी मला एक रंगीत तक्ता दिला. झेंडा, वाघ, मोर, कमळ, चार सिंहांचा खांब आणि खाली सगळ्यात मोठं चित्र, राष्ट्रपती भवन. म्हणाल्या, "पोरांना हे सगळं ओळखता आलं पाहिजे." वाघ आणि मोराची मला काळजी नव्हती. मोर तर आमच्या हरभऱ्यात उतरायचे, त्यांच्या नावानं बाया शिव्या घालायच्या. पण ते भवन? मी स्वतः तोवर पुण्यापलीकडं गेले नव्हते. या पोरांतल्या निम्म्यांनी जुन्नर पाहिलं नव्हतं. ज्यांनी दोन खोल्यांपेक्षा मोठं घर पाहिलं नाही त्यांना हे कसं सांगायचं, या विचारात मी तक्ता घरी घेऊन आले.

खोलीत उंदीर फार, म्हणून तक्ता मी घरी ठेवला. आईनं तो उलगडून बघितला आणि तिचा चेहराच बदलला. जुन्नरच्या लेण्यांत ती दोनदा जाऊन आली होती. तिथला दगडातला स्तूप तिनं पाहिला होता, त्याला हात लावला होता. ती घुमटावर बोट ठेवून म्हणाली, "शालन, ह्यो तर आपला स्तूप हाय." मी म्हटलं, "आई, ते राष्ट्रपतींचं घर आहे, दिल्लीत." ती म्हणाली, "आसंल. पन वर स्तूप हाय. खालचा कठडा बघ की, तसाच हाय." आबांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "कठडा तसाच दिसतोय खरा." मला दुसऱ्या दिवशीची तयारी करायची होती, मी लक्ष दिलं नाही. सकाळी उठून बघते तर तक्ता भिंतीला, दोन तसबिरींच्या खाली, आणि त्याच्यापुढं तरवडाचं फूल. मेणबत्तीही लावलेली. मी चिडले. आई म्हणाली, "तुझं काय गेलं?" काही गेलं नाही, फक्त तक्त्याच्या कोपऱ्यावर मेणाचा एक थेंब पडला होता, नखानं खरवडला तरी डाग राहिला. मी तक्ता गुंडाळला आणि बालवाडीत गेले. त्या थेंबानं पुढं काय करायचं ते केलं.

पोरांना तक्ता आवडला. वाघ झाला, मोर झाला, मग मी भवनावर आले. म्हटलं, "हे आपल्या देशाच्या राष्ट्रपतींचं घर. देशातलं सगळ्यात मानाचं घर. यात तीनशे चाळीस खोल्या आहेत." हा आकडा तक्त्यामागं छापलेला होता, पोरांना वीसपर्यंत मोजता येत होतं. मग एकानं विचारलं, "बाई, म्हशी किती?" दुसऱ्यानं विचारलं, "चूल कंच्या खोलीत?" मी म्हटलं, माहीत नाही. मग चिंगी उभी राहिली. चिंगीला प्रश्न पडला की ती उभी राहायची आणि फ्रॉकचं टोक चघळायची. ती म्हणाली, "बाई, एवढ्या खोल्या सारवतं कोण?"

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? संगमरवर म्हणावं तर या पोरांना तो काय ठाऊक. चिंगीनं घर म्हणजे काय ते आईला बघून ठरवलं होतं. दर आठ दिवसांनी शेण कालवायचं, पोतेरं घ्यायचं, मागं सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायचं. ते वाळेपर्यंत घरात कुणी पाय टाकायचा नाही. घरधनी असला तरी बाहेर थांबायचं. मी उगाच म्हणून गेले, "ते एकट्याचं घर नाही ना, सगळ्यांचं आहे. मग सगळे मिळून सारवतात." चिंगी खाली बसली. तिचं समाधान झालेलं दिसलं. माझं झालं नाही, पण मला त्यातून एक कल्पना सुचली, हे घर आपण बांधूच.

पोरांना बांधायचं म्हटल्यावर एकच गोष्ट येत होती, दिवाळीतला किल्ला. अंगणात दगडमातीचा ढीग झाला आणि मी वळून बघते तोवर त्याला बुरूज फुटले, एका बाजूनं चोरवाट निघाली आणि एकानं घरून मातीचे मावळे आणून उभे केले. महाराजांना सगळ्यात वर बसवायचं की राष्ट्रपतींना, यावरून दोघांची मारामारी झाली. मी म्हटलं, महाराज शिवनेरीवर असतात, इथं नको. मावळे मात्र दोन राहू दिले, फाटकावर पहाऱ्याला. तुराट्यांचे खांब झाले. दहावीस खांब कमीजास्त असतील, मोजायला कोण बसलंय. घुमट काही जमेना, रोज उभा राहायचा आणि रोज बसायचा. शेवटी आबा आले. फुटलेल्या रांजणाचं गोल बूड त्यांनी पालथं घातलं, वर माती लिंपली, आणि ओल्या मातीत थापीच्या टोकानं उभ्या-आडव्या पट्ट्यांचा कठडा काढला, तक्त्यात होता तस्सा. पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. आबांनी हात धुतले आणि मला हळूच म्हणाले, "तुझी आई म्हनती ते खोटं न्हाई. लेण्यात असाच हाय." मला अभिमान वाटला. घुमटाचा, आबांचा, माझा स्वतःचा. सगळ्या वाडीत मी टेंभा मिरवत फिरले असेन.

चोवीस तारखेला एका पोरानं तक्त्यावरचा डाग पाहिला आणि विचारलं, "बाई, हे काय पडलंय?" मी खोटं बोलू शकले असते. पण सुचलंच नाही. म्हटलं, "माझ्या आईनं मेणबत्ती लावली होती, तिचं मेण आहे." पोरांनी घरी जाऊन काय सांगायचं ते सांगितलं. बाईंच्या घरी त्या घराची पूजा होते. दुसऱ्या दिवशी बावीसपैकी सहा पोरं आली, सहाही आमच्या वस्तीतली. बाकीच्यांची पोटं पुन्हा दुखायला लागली होती.

दुपारी बबनआण्णा आले. अंगणाच्या कडेला उभे राहून त्यांनी घुमटाकडं पाहिलं. आण्णा वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगते. दुष्काळात त्यांच्या विहिरीवर त्यांनी आमच्या वस्तीला पाणी भरू दिलं होतं, आणि गावातल्या चार जणांची बोलणी खाल्ली होती. पण त्यांना चार लोक काय म्हणतील याची धास्ती कायम असायची. ते म्हणाले, "शालन, लोक म्हनत्यात, ही पोरगी आमच्या पोरांकडनं तिचं विहार बांधून घेती. चावडीपुढं."

"आण्णा, हे राष्ट्रपती भवन आहे," मी म्हटलं. "तक्त्यात बघा."

"मला बघायची गरज न्हाई. मला म्हाईत हाय तू तसं केलं नसशील. पन माझ्या एकट्याच्या म्हाईत असन्यानं काय व्हतंय?" त्यांनी घुमटाकडं बोट केलं. "वरचा घुमट तेवढा काढून टाक. त्या जागी झेंडा लाव. बास. उद्या सगळी पोरं धाडायला लावतो, माझा शबुद. न्हाईतर सायबापुढं सहा पोरं घेऊन बस, मंग मला बोलू नको."

मी बघितलं, त्यांनी रस्ता काढला होता. सहा पोरं म्हणजे बालवाडी बंद, बालवाडी बंद म्हणजे चाकण. मी म्हटलं, "काढते." इतक्या पटकन म्हटलं की आण्णांनाच नवल वाटलं. माझ्या पिढीतल्या पुष्कळ बाया आपल्या आठवणीत स्वतःला फार धीट दाखवतात. मी धीट नव्हते. मला ती खोली हवी होती.

संध्याकाळी घरी सांगितलं. आईनं भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, "माझ्या मेणबत्तीनं झालं हे सगळं. मी जाते आण्णांकडं, पाया पडते." आबा म्हणाले, "पाया कशापाई पडायचं? मेणबत्तीच लावली ना, आग तर न्हाई लावली." मग बराच वेळ ते बोटांनी जमिनीवर थापी मारत राहिले. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "काढायचा तर काढ घुमट. तुझी नोकरी हाय, मी न्हाई म्हननार न्हाई. पन मंग त्याला ते नाव लावू नको. नुसतं घर म्हन." मला राग आला. त्यांना काय जातंय बोलायला, असं वाटलं. मी म्हटलं, "सकाळी बघू." आणि जेवले नाही. शेंगोळे होते त्या दिवशी, माझ्या आवडीचे.

सव्वीस तारखेला उजाडायच्या सुमारास मी निघाले. पिशवीत तक्ता, झेंड्याची काठी आणि त्याखाली, घरच्यांना दिसू न देता घातलेलं खुरपं. पोरं यायच्या आत काढून टाकायचं, म्हणजे त्यांना बघावं लागणार नाही, आणि मला त्यांच्याकडं. ओढा ओलांडला, चावडीच्या कोपऱ्यावरून वळले आणि शेणाचा ओला वास आला. अंगणात मंगलवहिनी ओणव्या होत्या. शेजारी बादली, हातात पोतेरं. त्या मागं सरकत सरकत सारवत होत्या, मनगटाच्या त्या गोल फिरकीनं, आणि चिंगी कडेला पाण्याचा तांब्या धरून उभी होती. सगळं अंगण झालं होतं. भवन झालं होतं. पायऱ्या, खांबांमधल्या फटी, आणि वरचा घुमटही. आबांच्या कठड्यावरून बोट फिरवून त्यांनी त्याच्या रेघा बुजू दिल्या नव्हत्या.

मी पाऊल उचललं तसं त्या मान वर न करता म्हणाल्या, "बाई, पाय टाकू नका. ओलं हाय."

मी जिथल्या तिथं थांबले. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि खुरप्याची मूठ वर आली होती. त्यांनी ती पाहिली. माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा पोतेरं बादलीत बुडवलं आणि म्हणाल्या, "पोरीनं आठ दिस जीव खाल्ला माझा. सनाच्या दिशी समद्यांचं घर सारवायचं असतं, बाईंनी सांगितलंय, म्हनती. म्या म्हनलं, बाईंनी सांगितलंय तर करावं लागंल." आवाज नेहमीसारखाच होता. मी अंगणाच्या कडेला दगडावर बसले आणि पिशवी पायामागं सरकवली. मला रडू आलं. ते लाजेचं होतं, आनंदाचं नव्हतं.

ऊन वर आलं तसे बबनआण्णा आले, घुमट गेला की नाही बघायला. कोपऱ्यावरूनच त्यांना दिसला. ते तरातरा पुढं आले आणि अंगणाच्या काठाशी येऊन, वहाणांसकट, थबकले. जन्मभर ओल्या सारवणापुढं थांबलेला माणूस आणखी काय करणार? मंगलवहिनींनी डोक्यावर पदर घेतला. "ओलं हाय, मामंजी," त्या म्हणाल्या. "वाळू द्या."

"ह्ये कुनी सांगितलं तुला करायला?"

"चिंगीनं."

आण्णांनी नातीकडं पाहिलं. चिंगी फ्रॉकचं टोक चघळत होती, हाताला शेण लागलेलं. गावातल्या दोनचार बाया एव्हाना येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यासमोर सुनेनं सारवलेल्या जागेत वहाणा घालून कोण जाणार? त्यांच्या घरातलं शेण, त्यांच्या घरातल्या लक्ष्मीचा हात. ते मोडायचं म्हणजे आपलंच काहीतरी मोडायचं. थंडीचं ऊन, पठारावरचा वारा, सारवण लवकर वाळायला हवं होतं. पण मंगलवहिनींनी दुसरा हातही फिरवायला घेतला. आण्णा काठाशी उभे राहिले. बाया उभ्या राहिल्या. पोरं एकेक करून येत गेली आणि कुणी न सांगता काठाशी ओळीनं थांबली, कारण ओल्यात पाय टाकला की घरी पाठीत बसते हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. ओढ्याकडून माझी आई आली, हातात तरवडाचं फूल. तीही थांबली, आण्णांपासून दहा हातांवर. सगळं गाव आणि आमची वस्ती एका अंगणाच्या कडेनं उभी राहून ते वाळायची वाट बघत होती. असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही क्वचितच.

वाळायच्या आतच जीप आली. साहेब उतरले, मॅडम उतरल्या. झेंडा काठाशीच झाला, राष्ट्रगीत झालं, तोवर अंगण पाय टाकण्याइतकं वाळलं. पोरं मोजायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही, मॅडमनी मोजली, बावीस. साहेबांनी वाकून भवन पाहिलं, कठड्यावरून बोट फिरवावंसं वाटलं असेल, पण हात मागं घेतला. मग त्यांनी चिंगीलाच विचारलं. पुढं तीच उभी होती. "बाळ, हे काय आहे?" चिंगीनं सांगितलं, राष्ट्रपती भवन. "कोण राहतं इथं?" राष्ट्रपती. "आणि हे घर कोणाचं?" याचं उत्तर मी बारा दिवस घोटून घेतलं होतं, सगळ्या देशाचं. चिंगीनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "आमच्या आईनं सारवलंय."

साहेब हसले, त्यांना काही कळलं नाही. आमच्याकडं मात्र ज्याला कळायचं त्याला कळलं. आण्णांनी घसा खाकरला आणि साहेबांना म्हणाले, "बाईंनी लई मेहनत घेतलीय, सायेब." तोवर त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं. माझ्या आईनं सगळे गेल्यावर ते फूल फाटकावर, दोन मावळ्यांच्या मधे ठेवलं. कुणी काढलं नाही. ते आपसूक वाऱ्यानं गेलं.

बालवाडी चालली. चाकणचं स्थळ दुसरीकडं गेलं. पुढं मी शिकले, शाळेत लागले, लग्नही केलं, माझ्या मर्जीनं. त्या सव्वीस तारखेनंतर चारेक दिवसांनी मंगलवहिनी चिंगीला न्यायला आल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, "घरी काही बोलले का आण्णा?" म्हणाल्या, "बोलत्यात कुठं? दोन दिस माझ्या हातचा चहा घेतला न्हाई. तिसऱ्या दिशी डोकं दुखाया लागलं, मंग घेतला." आणि हसल्या, फुटलेला ओठ दाबून धरत. खुरप्याचं नाव त्यांनी त्या दिवशीही काढलं नाही. आता थकल्यात, नारायणगावला मुलाकडं असतात. गेल्या दिवाळीत भेटले. निरोप घेताना मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी पिशवीत..." तर त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "गूळ आता बरा पडतोय का सुकडीत?" तिथंच विषय संपला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही निवृत्त शिक्षिका दिल्लीला गेलो. भवन आतून पाहायला मिळतं, हे मला ठाऊक नव्हतं. लांबून घुमट दिसला, काळपट, वाळत आलेल्या सारवणासारखा. गाईड मुलगा हिंदीत सांगत होता की हा घुमट सांचीच्या स्तूपावरून घेतलाय, खालचा कठडाही तिथलाच. बाकीच्या बाया फोटो काढत होत्या. मला आईची इतकी आठवण आली की मी खांबाला टेकून उभी राहिले. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिला मी तेव्हा किती रागावले होते, आणि ती किती सहज म्हणाली होती, आसंल, पन वर स्तूप हाय.

पुढच्या दालनाच्या दारात एक बाई फरशी पुसत होती. माझ्या सुनेच्या वयाची, डोक्याला पदर बांधलेला. लांबलचक दालन, आणि ती एका टोकाकडून मागं मागं सरकत येत होती. आमचा गट तिच्या ओल्या फरशीवरून तसाच पुढं गेला. मी दारात थांबले. गाईड मुलगा परत आला आणि म्हणाला, "चलिए माताजी, सब आगे गए." मी म्हटलं, "गीला है." त्याला वाटलं मला घसरायची भीती वाटते, त्यानं हात पुढं केला. मी मान हलवली. त्या बाईनं फडकं बादलीत पिळलं, वर बघितलं, मी का थांबले ते तिच्या लक्षात आलं, आणि तीही कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. फरशी वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथंच थांबलो.